रोज पाच थेंब

बाई लंगोट वाचत असत. याला दुसरा शब्द मला सापडत नाही. सकाळी वॉर्डात आल्या की पायातले कॅनव्हासचे बूट दाराशी काढायच्या, पदर खोचायच्या, आणि रात्रभरातले लंगोट व्हरांड्यातल्या दगडी कट्ट्यावर ओळीनं मांडायला लावायच्या. मग वाकून एकेकाचा रंग पाहायच्या, वास घ्यायच्या, ओल कुठवर पसरली आहे ते बोटानं दाखवायच्या, आणि शेवटी भाजीच्या तराजूत टाकून वजन करायच्या. एका पारड्यात कोरडा लंगोट, दुसऱ्यात ओला, आणि फरकाला मापं. तराजू त्यांच्या भावाचा होता, चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात वांगी-टमाटे तोलून झिजलेला. या सगळ्या कामाला त्या 'पेपर वाचणं' म्हणत.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या यजमानांना बजावलं, "उद्या सकाळी मले पेपर दाखवजा." हे वकील. सांगितलेलं काम चोख करणारे. दुसऱ्या दिवशी ते नागपूरहून येणाऱ्या वर्तमानपत्राची नीट घडी घालून घेऊन आले. बाईंनी घडी उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

"हा तुमाले ठेवा वकीलसायब. मले पोट्टीचा पायजे."

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

आमची मुलगी तेव्हा दीड महिन्याची होती. शिमग्याच्या आधी एका सकाळी तिनं हिरवं ओकायला सुरुवात केली आणि दुपारपर्यंत तिचं पोट नगाऱ्यासारखं ताणलं. अमरावतीच्या त्या दवाखान्यात तेव्हा सुदैवानं नागपूरचे एक सर्जन आलेले होते. त्यांनी पोट उघडलं. आतड्याला पीळ पडून बराचसा भाग काळा झाला होता, तो कापून टाकावा लागला. उरलं ते हातभर. हातभर म्हणजे मोठ्या माणसाच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. सर्जननी स्वतःचा हात पुढे करून आम्हाला दाखवलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, असं ते म्हणाले. आणि मग, यांच्याकडे न पाहता, खाल्लेलं अंगी लागेल असं वाटत नाही, असंही म्हणाले. त्या काळी त्यावर दुसरा इलाज नव्हता. मांडीच्या कातडीखाली सुईनं मिठाचं पाणी सोडत. मांडी फुगून घट्ट होई आणि दोन-तीन तासांनी ओसरे. पण नुसत्या पाण्यावर मूल किती दिवस काढणार?

सर्जन निघाले तेव्हा बाई दारात उभ्या होत्या. "तुमी कापलं सायब, तुमचं झालं," त्या म्हणाल्या. "आता आमचं सुरू."

त्या मुलांच्या वॉर्डातल्या नर्स होत्या. सिस्टर म्हटलेलं त्यांना चालत नसे. म्हणून सगळे नुसतं 'बाई' म्हणत. वय पन्नाशीच्या आसपास असावं. माहेर बागायतदार, भाजी आणि फुलं पिकवणारं. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला. सासरच्यांनी परत पाठवलं, माहेरच्यांनी नागपूरला नर्सिंग शिकायला पाठवलं. एवढंच मला ठाऊक आहे, आणि तेही वॉर्डातल्या आयाकडून. स्वतःविषयी त्या बोलत नसत. बाळांशी मात्र अखंड बोलत, आणि त्यांना पावने म्हणत. "काय पावने, आज नाराज दिसून राहिले?" त्यांच्या मते हे लेकरू आपल्याकडे आलेलं पाहुणं आहे, किती घ्यायचं ते त्याच्या पोटाला विचारायचं, आपण ठरवायचं नाही.

वऱ्हाडात असं म्हणणं म्हणजे धर्म बुडवणं. आमच्याकडे पंगतीत आग्रह झाला नाही तर पाहुणा रुसतो. दवाखान्याच्या आवारातच झालेल्या त्याच आयाच्या मुलीच्या लग्नात मी हे डोळ्यांनी पाहिलं. मुलीचा काका जिलबीचं ताट घेऊन पंगतीत फिरत होता. बाईंपाशी आला तशा त्यांनी दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरले. "एक तं घ्याच," तो म्हणाला, आणि हाताच्या फटीतून जिलबी सोडली. बाई भरल्या पानावरून उठल्या, हात धुतले, आणि वधूवरांच्या डोक्यावर हात ठेवून चालत्या झाल्या. काका कितीतरी वेळ ताट धरून तसाच उभा होता. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं ते त्याला कुणी सांगितलं नाही.

आता त्यांची पद्धत सांगते. मी माझं दूध उकळलेल्या वाटीत काढायचं. ती वाटी माठातल्या पाण्यात ठेवून द्यायची. वर साय आली की बाई ती कापसाच्या बोळ्यानं टिपून घ्यायच्या, कारण हातभर आतड्याला स्निग्ध पदार्थ झेपत नाही. मग तितकंच उकळलेलं पाणी घालायचं आणि काचेच्या ड्रॉपरनं बाळाच्या जिभेवर एकेक थेंब सोडायचा. दर अर्ध्या तासानं. पहिल्या दिवशी वीस थेंब. पेपर बरा असला तर दुसऱ्या दिवशी पंचवीस. रोज पाच थेंब वाढवायचे, सहा नाही. पेपर बिघडला की दहा मागं. त्या दिवसाचा आकडा बाई सकाळी खडूनं वॉर्डाच्या दारावर लिहायच्या आणि त्या आकड्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एका नव्या डॉक्टरांनी एकदा आपल्या हिशेबानं तो वाढवला. तेव्हापासून बाईंनी त्यांना डॉक्टर म्हणणं सोडलं. त्या त्यांना पाटकरी म्हणू लागल्या. पाटाचं पाणी शेतात सोडणारा तो पाटकरी.

"आतडं वेलासारखं हाये मास्तरीणबाई," त्या मला समजावत. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत असे. "वाढते ते. म्या पायलं हाये. पन रोपाले झारीनं पानी द्या लागते. पाट सोडला की रोप वाहून जाते."

"किती दिवस लागतील?"

"वर्स. दोन वर्स. तुमाले कोनत्या गाडीले जायचं हाये?"

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं. दूध छातीतून येतं हे खोटं, ते डोक्यातून उतरतं. आई भ्याली, रडली, तिला कुणी बोल लावला, की दुसऱ्या दिवशी वाटी रिकामी. म्हणून भेटायला येणाऱ्यांसाठी त्यांनी एक स्टूल ठेवलं होतं, भिंतीकडे तोंड करून बसायचं. "किती वाळली गं पोर" असं जी कुणी म्हणेल तिला त्या दंडाला धरून बाहेर काढत. माझी सख्खी मावशी अशी बाहेर गेली ती पुन्हा आली नाही. बाई मला म्हणाल्या, "मावशी पुन्ना भेटन. दूध भेटत नाई."

आणि पोर वाढत होती. दिसण्यासारखी नाही, तराजूला कळण्यासारखी. चैत्र लागला, उन्हं तापली, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागले. दारावरचा आकडा मध्येच मागं जात, पुन्हा पुढं सरकत, शंभराच्या वर गेला. बाईंनी त्या दिवशी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त खडू जरा मोठा फिरवला.

मग त्यांच्या भावाला उन्हाची बाधा झाल्याचा निरोप आला आणि त्या दोन दिवसांसाठी चांदूर बाजारला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "आज एकशे पाच. उद्या एकशे दहा. मंग थांबजा. रडली तरी थांबजा."

त्याच दिवशी माझ्या सासूबाई अकोल्याहून आल्या. जठारपेठेत माझ्या थोरल्या दिरांकडे त्या राहत. तिथल्या बायका त्यांच्या तोंडाला भीत. माझ्याशीही त्या मोजकंच बोलत.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला मी एकशे दहा थेंब दिले. बदलीवरची नर्स दुसऱ्या वॉर्डात गेली होती. एरवी थेंब संपले की पोर मान वळवायची. त्या दिवशी तिनं वळवली नाही. रिकामा ड्रॉपर तिनं ओठांत धरून ठेवला, आणि मी तो काढला तेव्हा रडू लागली. आजवर तिचं रडणं म्हणजे मांजरीच्या पिलासारखा बारीक आवाज. हे रडणं तसं नव्हतं. निरोगी मूल भुकेनं रडतं तसं ते होतं. ते ऐकून माझी चोळी भिजली.

"काहून रडून राहिली गं?" सासूबाईंनी विचारलं.

"भूक लागली तिला."

त्यांनी माझ्या चोळीकडे पाहिलं. उठल्या, आणि दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या, कुणी आत येऊ नये म्हणून.

मी तिला पदराखाली घेतलं. ऑपरेशननंतर ती अंगावर प्यालीच नव्हती, पण विसरली नव्हती. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. तिचा हात माझ्या छातीवर पसरला होता, चिंचेच्या पाल्याएवढी बोटं. मला तेव्हा बाई आठवल्या नाहीत, आकडा आठवला नाही. पोटभर पिऊन ती झोपली. सासूबाईंनी वळून माझा पदर सारखा केला.

"झोपली?"

"हो."

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी पहिला लंगोट भिजला. सकाळपर्यंत आठ झाले. तिचे डोळे खोल गेले, टाळू बसली. दोन्ही मांड्यांत सुया लावल्या.

बाई सकाळी एस.टी.तून उतरून थेट वॉर्डात आल्या. बूट काढले नाहीत, त्यांना बागेतला चिखल तसाच होता. कट्ट्यावरची ओळ त्यांनी एकदा पाहिली.

"कोनं काय देलं?"

हे माझ्या शेजारीच उभे होते. मी पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत राहिले.

"मी दिली पेज," सासूबाई म्हणाल्या. "तांदळाची. पोर रडत होती. दोन-चार चमचे."

बाईंनी एक लंगोट उचलला, उजेडात धरला, नाकाशी नेला. मग माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर त्या दिवसभरात त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या सासूबाईंकडे वळल्या.

"आजीबाई, तुमी लेकरं वाढवली का शेळ्या? दोन महिने झारीनं पानी घालून राहिलो आमी, आन् तुमी येका दुपारी पाट सोडला. पेज! कोन पावनी आली होती तुमच्या घरी, पेज पाजाले?"

आणखी बरंच बोलल्या. अख्खा वॉर्ड ऐकत होता. जठारपेठेला धाकात ठेवणारी माझी सासू मान खाली घालून उभी होती. "चुकलं," एवढंच त्या म्हणाल्या.

हे आईकडे एकदा पाहून बाहेर गेले.

मग बाईंनी उकळलेली वाटी माझ्यापुढं धरली. "दूध काढा," भिंतीकडे पाहत त्या म्हणाल्या. "मले दूध पायजे. बाकी काई पायजे नाई."

दूध उतरलं. त्या दिवशीही.

दुधाचा लंगोट आणि पेजेचा लंगोट यांतला फरक बाईंना कळला नसेल, असं मला एक क्षणभरही वाटलं नाही. कळलं होतं म्हणूनच त्या भलत्या माणसावर ओरडल्या. मला बोल लागला असता तर दूध गेलं असतं, आणि दुधावाचून पोर. सासूबाईंनाही ते उमगलं होतं. त्या दोघींनी एकमेकींशी एक शब्दही न बोलता ते ठरवलं, आणि मी मधे वाटी धरून बसले.

दारावर पुन्हा वीस लिहिलं गेलं. मग पंचवीस. मग पंधरा, पुन्हा वीस. असे सतरा दिवस. अठराव्या सकाळी बाई आल्या, पेपर वाचला, आणि दारापाशी जाऊन त्यांनी कालचा आकडा ओल्या फडक्यानं पुसला. नवा लिहिला नाही. दुपारी तीनला पोर गेली.

दुसऱ्या दिवशी बाई आमच्या घरी आल्या. त्या कुणाच्या घरी जात नसत. पदरात मोगऱ्याच्या कळ्या होत्या, भावाच्या बागेतल्या. आमच्याकडे दूध आटवायला मोगरा बांधतात. खोलीचं दार लावून त्यांनी कळ्या माझ्या छातीवर रचल्या, वरून जुन्या धोतराची पट्टी करकचून बांधली, आणि गाठ मारता मारता म्हणाल्या, "तीन दिवस सोडजा नोको." अजूनही मोगरा घरात आला की मी खिडकी उघडते.

मग वर्षं गेली. आम्हाला मुलगा झाला. हे सासूबाईंना कधी वाकडं बोलले नाहीत. फक्त त्या नातवाला भरवायला हात पुढे करायच्या तेव्हा हे म्हणायचे, "आई, तू राहू दे." आवाज मऊ असायचा. त्या हात मागं घ्यायच्या आणि पदराखाली ठेवायच्या. मी ते पाहत असे. दर वेळी मला वाटे, आज सांगावं. पण जेवणाची वेळ असे, मुलगा हट्टाला आलेला असे, आणि राहून जाई. असं करता करता पोर जाऊन आठ वर्षं झाली.

साठीच्या दशकाच्या मध्यावर सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आम्ही अकोल्याला गेलो. तिथल्या दवाखान्यात मला बाई दिसल्या. बदली होऊन आल्या होत्या. केस पांढरे झाले होते. बूट तेच, तराजू तोच. मला ओळखून त्यांनी कुशल विचारलं नाही. म्हणाल्या, "वकीलसायबाले सांगतलं का?"

"नाही."

"काहून?"

मी हातातला डबा दुसऱ्या हातात घेतला.

"तवा मले दूध पायजे होतं, म्हनून मी आजीबाईले झोडपलं. त्या समजल्या. लय शायनी बाई. आता कोनाले पायजे दूध?"

मग आठ वर्षांत कुणालाच न विचारलेलं त्यांना विचारलं. "ती माझ्यामुळे गेली का?"

बाईंनी हातातलं माप तराजूत ठेवलं. "मले ठाऊक नाई," त्या म्हणाल्या. "हातभर आतडं होतं. तसंही गेली असती का? असंन. जगली असती का? तेई असंन. तुमाले हलकं वाटावं म्हनून मी काई सांगनार नाई."

त्याच दुपारी जठारपेठेतल्या घरी, सासूबाईंच्या खाटेपाशी, मी यांना सांगितलं. तीन वाक्यं झाली. यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"काहीतरीच सांगून राहिली ती," खाटेवरून सासूबाई म्हणाल्या. "मी दिली पेज. पितळेच्या वाटीत. मीठ घातलं होतं चिमूटभर."

"आई, मीच..." मी म्हणाले.

"तुझं डोकं ठिकाणावर नव्हतं तेव्हा. तुला काय आठवते? मी दिली."

यांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. चष्मा पुसला. कुणाचं खरं मानलं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही, आणि आता ते विचारायला हेही उरले नाहीत. त्या दिवशी ते बराच वेळ आईच्या पायांशी बसून राहिले, एवढं मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाईंना जाऊन सांगितलं. त्या एका बाळाला थेंब देत होत्या. मोजणं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "आजीबाई खोटं बोलत नसतीन आता. आठ वर्स येकच गोष्ट सांगतली की मानसाले ते दिसाले लागते."

सासूबाई त्या दिवाळीआधी गेल्या. बाई पुढे निवृत्त होऊन भावाच्या बागेत राहिल्या, आणि तिथंच गेल्या, असं मोर्शीच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं मला सांगितलं. कधी, ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं.

मी आता त्या वेळच्या सासूबाईंपेक्षा मोठी झाले आहे. अलीकडे दुपारी डोळा लागताना मला पितळेची वाटी दिसते. तळाशी पेज, मिठाचे दोन कण न विरघळलेले, वाटी धरणारा हात सासूबाईंचा, त्यांच्या हातातली बांगडीसुद्धा. इतकं स्वच्छ दिसतं की मला उठून बसावं लागतं, आणि एकेक गोष्ट पुन्हा जागेवर ठेवावी लागते. वाटी नव्हती. पेज नव्हती. सासूबाई दाराकडे तोंड करून उभ्या होत्या, आणि पोर माझ्या अंगावर पीत होती.